बॅटरीगाडी आणि उंबराचा चढ

त्या काळातली माझी सगळी पातळं गुडघ्याखाली चाळण झालेली होती. उंदरानं कुरतडलेली नव्हेत आणि चुलीच्या ठिणगीनं जळलेलीही नव्हेत. ठिणगीच्या भोकाला काळी कड असते, ह्या भोकांना कडच नसायची. पातळ धुवायला घेतलं की कापड तिथल्या तिथं विरून हातात यायचं. बोहारीण आली तर तिनंही ती पातळं उन्हात धरून बघितली आणि परत माझ्या अंगावर टाकली. म्हणाली, "बाय, तुझ्या घरात उंदीर हाय का भूत?"

मी म्हटलं, "भूत नाय गं. बॅटरी हाय."

तिला कळलं नाही. तिला काय, मला तरी कुठं कळलं होतं? पण बॅटरी म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं ते तेव्हापासून. तर तीच गोष्ट सांगते, नीट पहिल्यापासून.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, चौकच्या अंगाला. माहेर माझं कर्जतचं, भिसेगावचं. सासरी भातशेती, घरात सासू-सासरे, एक दीर आणि मी. आमचे हे रेल्वेच्या गँगमध्ये, ठाकुरवाडीला. घाटात दरड पडली, रूळ धसला की यांना घर आठवायलाही वेळ नाही. सुट्टी मिळाली तर यायचे, कपडे धुऊन घ्यायचे, पोटभर जेवायचे आणि परत डोंगरात. त्यामुळं घरचं जे काही बघायचं ते मी बघायची. सासूबाईंना मी आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. आमच्याकडं तसंच म्हणतात.

रसायनीला कारखाने वाढले तसे बाहेरगावची माणसं कामाला आली. कुणी घाटावरचा, कुणी खानदेशातला. बायकामुलं गावाला, हे इथं एका खोलीत पाच-सहा जण. कंत्राटाच्या माणसांना कारखान्यात जेवण मिळत नसे. दीर तिथंच सामानाच्या कोठारात कामाला. एकदा त्यानं सोबतच्या दोघांसाठी भाकरी मागून नेली. त्या दोघांचे चार झाले, चाराचे किती झाले मी मोजले नाहीत. डबे सुरू झाले ते असे. तांदळाची भाकरी, भात, आमटी, सुक्या मासळीची चटणी, वाल असले तर वालाचं बिरडं. शाळा मी पाहिली ती बाहेरूनच, अक्षरं पुढं देवाच्या पोथ्या आणि पुडीचे कागद वाचून जोडली. पण हे डब्यांचं काम मी उभं केलेलं होतं, माझं होतं. कुणाची सून, कुणाची बायको म्हणून मिळालेलं नव्हतं. त्यामुळं त्याचा जीव माझ्या जिवात अडकलेला.

अट एकच. दुपारचा भोंगा व्हायच्या आत डबे फाटकाशी हवेत. भोंगा झाला की जेवायची सुट्टी, आणि ती सुट्टी इतकी तोकडी की डबा उशिरा पोचला तर तो न पोचल्यासारखाच.

डबे न्यायचे मामा, बैलगाडीतून. आमच्या गावातून कारखान्याकडं जायचं तर मधे उंबराचा चढ लागतो. फार मोठा नाही. पायी जाणाऱ्याला कळतही नाही, पण भरल्या गाडीला कळतो. चढ संपला की पुढं सगळी सपाटी, थेट फाटकापर्यंत. मामा चढाच्या पायथ्याला उंबराखाली बैल क्षणभर उभे करायचे, पाठीवर हात फिरवायचे, मग हाकारायचे.

आणि परत आल्यावर त्यांचा एक नियम होता. गाडी सोडली की बैल आंब्याखाली बांधायचे, अंग पुसायचे आणि तसेच ठेवायचे. पाणी नाही, पेंढा नाही. बैलाची धाप बसेपर्यंत कुणी काडी टाकलेली त्यांना चालायची नाही. एकदा मी नवी असताना दयेनं पाण्याची बादली पुढं केली, तर केवढ्यांदा ओरडले! "दमल्या तोंडात घास घालू नये पोरी. आधी विसावा, मग वैरण." त्यांचे बैल म्हणून म्हातारे होईपर्यंत चालले. गावात लोक नाव घ्यायचे.

तर त्यांतला एक बैल एका पावसाळ्यात पान लागून गेला. पान लागून म्हणजे साप चावून, आमच्याकडं सापाचं नाव घेत नाहीत. दुसरा एकटा पडला आणि खाईनासा झाला. नवी जोडी घेण्यासारखं घर नव्हतं. टेंपोवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, दिवसभराचं भाडं असेल तर बोला, मधल्या वेळच्या एका खेपेला मी येत नाय. मी आणि माझी एक जोडीदारीण डोक्यावर टोपल्या घेऊन निघायचो. ही चढापलीकडच्या बौद्धवाडीतली, माझ्याच वयाची, भाकरी थापायला माझ्याकडं यायची. हात असा चालायचा की तव्याला उसंत नाही, आणि तोंड त्याहून जोरात. पण डोक्यावर डबे जाऊन जाऊन किती जाणार?

अशा वेळी दीर बॅटरीगाडी घेऊन आला.

कारखान्यात आत पेट्रोलची गाडी चालत नाही. तिथं असली औषधं की ठिणगी पडली तर सगळंच जायचं. म्हणून पिंपं इकडून तिकडं न्यायला बॅटरीवरच्या सपाट गाड्या होत्या. नव्या आल्या तेव्हा जुनी एक भंगारात काढली, ती यानं मिळवली. ट्रकातून अंगणात उतरवली तेव्हा अख्खी आळी बघायला. बिनबाजूंची लांबडी फळी, खाली लहान लहान चाकं, पुढं उभं राहायला पायरी आणि हातात धरायला एक दांडा. ना शिंगं, ना छप्पर.

दीर म्हणाला, "वैनी, आता बघा. पेट्रोल नाय, धूर नाय, आवाज नाय, शेण नाय."

आत्या ओसरीवरून म्हणाल्या, "शेण नाय तर सारवायचं कशानं रं?"

सगळे हसले. दीर चिडला. त्यानं फळी उचलून दाखवली. खाली काळ्या पेट्या दाटीवाटीनं बसलेल्या, त्यांना जाड वायरी. दोघा पुरुषांना एक पेटी उचलवत नव्हती. मी विचारलं, "भाऊजी, एवढा भार ही आधी स्वतःचाच वाहणार, मग माझे डबे कवा?"

"अवो, त्यातच तर ताकद हाय तिची."

"बैलाची ताकद बैलाच्या अंगात असते. वर वजन नसतंय."

"तुमी चालवून तर बघा."

मामांनी चालवली. धोतर, टोपी, हातात सवयीनं घेतलेला आसूड. पायानं खटका दाबला की चालते, पाय उचलला की थांबते, हे दिरानं दोनदा सांगितलं. मामांनी दाबलं आणि गाडी मुकाट्यानं निघाली. मुकाट्यानं म्हणजे अगदी मुकाट्यानं. कुत्रं आडवं झोपलेलं, त्याला पत्ता नाही. मामा घाबरून "हो, हो, अर्रर्र" करत ओरडले, पण पाय काही उचलेनात. गाडी तुळशीला घासून गोठ्याच्या खांबाला टेकली तेव्हा थांबली. उरलेला म्हातारा बैल तिच्याकडं बघत राहिला. माझी जोडीदारीण म्हणाली, "घ्या, सवत आली बैलाची."

सुरुवातीचे दिवस बरे गेले हे मी नाकारत नाही. डबे सपाट फळीवर रांगेनं, दोरीनं बांधलेले, आमटी सांडत नव्हती. बैलगाडीच्या धक्क्यांनी माझी अर्धी आमटी रस्ताच प्यायचा, तो उपाशी राहायला लागला. लोक वाटेत उभे राहून बघायचे. मामांनी पहिल्या दिवशी आसूड नेला तो दुसऱ्या दिवशी ठेवून दिला, पण तोंडानं चुचकारणं काही सुटलं नाही.

मग तिची नाटकं चालू झाली.

एक तर तिचं खाणं. तिच्यासोबत एक लोखंडी पेटारा आलेला, तो विजेला जोडायचा आणि त्याच्या वायरी बॅटरीला. तो सुरू झाला की गांधीलमाशीचं पोळं छेडल्यासारखा गुणगुणायचा आणि आमच्या आळीतले दिवे काजव्यासारखे व्हायचे. शेजारीण यायची भांडायला, "तुमच्या गाडीनं माझ्या पोरांचा अभ्यास खाल्ला." तिचंही खरं होतं. त्यात आमच्याकडची वीज म्हणजे पाहुणी. दुपारी टिकायची, दिवेलागणीला नुसतं तोंड दाखवून जायची. पेटाऱ्याचं गुणगुणणं बंद पडलं की मी कंदील घेऊन गाडीकडं धावायची. बॅटरीनं किती खाल्लं, किती राहिलं, कुणाला ठाऊक? वर एक काटा होता, पण तो काटा म्हणजे आमच्या गावच्या तलाठ्यासारखा. विचारलं तर काहीतरी सांगायचा, पण खरं काय ते आपणच बघायचं.

दुसरं तिचं पिणं. विहिरीचं पाणी चालत नाही म्हणे. चौकच्या गॅरेजमधून बाटलीतलं पाणी आणायचं आणि एकेका भोकातून घालायचं. झाकणं उघडली की आतून असा वास, की नाकातून डोळ्यांत. माझ्या पातळांची चाळण झाली ती त्या कामात. आतल्या तेजाबाचा एक थेंब उडाला तरी लगेच काही दिसायचं नाही, धुतल्यावर दिसायचं. आत्या म्हणायच्या, "आमच्या बैलानं कधी कुणाचं लुगडं खाल्लं नाय."

तिसरा उंबराचा चढ. कारखान्याची जमीन कशी, सिमेंटची, ताटासारखी. ती तिथं जन्मली, तिथंच वाढली. चढ म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. पायथ्याला पोचेपर्यंत तुरुतुरु यायची आणि चढ लागला की धाप लागल्यासारखी मंद होत होत अर्ध्यात उभीच. मामा दाबतायत, ती हलत नाही. माझे कान कारखान्याच्या भोंग्याकडं. मग आम्ही दोघी मागून ढकलायचो. ढकलायचं तरी काय? डबे हलके, बॅटरीच जड. मी जोडीदारणीला म्हणायची, "गं, आपण डबे नाय ढकलत, आपण हिचं खाणं ढकलतोय."

आणि याच चढावर ती गोष्ट घडली जिनं पुढं सगळा घोळ केला.

एकदा अशीच अर्ध्या चढात बसली. ढकलून आमचे हात दुखले, तेव्हा मामा म्हणाले, "सोडा. तिला राहू द्या जराशी. दमली हाय." त्यांनी गाडी उंबराच्या सावलीला मागं येऊ दिली, चाकाला दगड लावला आणि खाली बसून तंबाखू मळली. मी तडफडतेय, हे आपले निवांत. तंबाखू खाऊन झाली, उठले, पायरीवर उभे राहिले, खटका दाबला. आणि काय सांगू, चालली की ती! चढ चढून वर गेली. भोंग्याच्या आत पोचलो.

मामांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय नव्हतं! "बघ. बैलच हाय ती. तुमाला वाटतंय यंत्र. दमली की विसावा लागतोच."

मला पटलं. तुम्हाला नसतं पटलं? डोळ्यांनी बघितलेलं. परत आल्यावर मी फळीखाली हात घालून बघितला, तर पेट्या कोमट. म्हणजे अंग तापलेलं. त्या दिवसापासून मामांनी बॅटरीगाडीला बैलाचा नियम लावला. दुपारी परत आली की आंब्याखाली उभी करायची, वरून ओलं पोतं टाकायचं, आणि अंग पुरतं निवेपर्यंत पेटाऱ्याच्या वायरीला हात लावायचा नाही. दिवस मावळला की मग वैरण. तोवर वीज जायची वेळ झालेली. कधी अर्धपोटी, कधी तशीच उपाशी, सकाळी पुन्हा जुंपायची. दिवसेंदिवस ती लवकर दमायला लागली आणि जितकी दमायची तितका मामा तिला जास्त विसावा द्यायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारी झाली. भंगारातूनच तर आलेली.

दीर एव्हाना कारखान्याजवळच खोली करून राहायला गेला होता, सणावारी यायचा. विचारायचा, "चार्जिंगला लावता ना बराबर?" आम्ही म्हणायचो, "लावतो की." खोटं नव्हतं ते. लावायचोच.

पावसाळा आला. तिची ती इवलीशी चाकं चिखलात रुतायची, तेव्हा तिला गोठ्यात घेतलं. डबेही कमी झाले होते, बरेच कामगार लावणीला गावी गेलेले. आम्ही दोघी टोपल्यांवर घोंगडी घेऊन ने-आण करायचो. लावणी झाली की आमच्याकडं बैलाला जोखड दाखवत नाहीत, त्याला पुरती विश्रांती. मामांनी तेच केलं. गाडी शेवटची आली ती तशीच पोत्यांनी झाकली, खाली विटा दिल्या, वर हळदीकुंकू वाहिलं. "निजू दे तिला चांगली. दसऱ्याला उठंल ती वाघासारखी." पेटारा माळ्यावर गेला. त्या पावसाळ्यात माझं एकही पातळ फाटलं नाही, एवढंच सुख.

इकडं कंत्राटाच्या माणसांचा मुकादम मला फाटकाशी भेटला. "बाई, दसऱ्यानंतर नवं काम निघतंय, माणसं खूप येणार. सगळ्यांचे डबे तुमच्याकडं देतो. पण बघा, भोंग्याच्या आत पायजे. एक दिवस जरी चुकलं तरी मी दुसरीकडं जाणार. माझी माणसं उपाशी काम नाय करत."

मी हो म्हटलं. कशाच्या भरवशावर? त्या झोपलेल्या गाडीच्या! भांडी आणली, गावातल्या आणखी दोघींना भाकरीला बोलावलं.

खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडू घातला, विळा-कोयत्यांच्या शेजारी तिची पूजा केली. पेटारा जोडला. तो गुणगुणला खरा, पण त्याचं गुणगुणणं वेगळंच होतं, बारीक. काटा लगेच वर गेला. एवढ्या लवकर कसा भरला, म्हणून मी जरा चरकले. मामा म्हणाले, "विसावा झालाय ना. भूक कमी हाय तिला."

आणि नव्या कामाच्या पहिल्या दिवशी, फळी डब्यांनी गच्च भरलेली, गाडी अंगणातून निघाली, वेशीपर्यंत गेली आणि उंबर दिसायच्या आधीच बसली. चढ तर लांबच. मामांनी विसावा दिला. उठली, चार पावलं गेली, पुन्हा बसली. पुन्हा विसावा. मग चार पावलंही नाहीत. मी टोपल्या मागवल्या, जी बाई दिसली तिच्या डोक्यावर डबे दिले आणि आम्ही पळत सुटलो. उंबराच्या चढावर होतो तेव्हा भोंगा झाला. आजही कुठं भोंगा ऐकला की त्या चढाची माती माझ्या पायाखाली येते.

मुकादम फाटकाशी उभा होता. माणसं उसळ-पाव घेऊन बसली होती. त्यानं माझ्या डोक्यावरची टोपली बघितली, माझा घाम बघितला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ह्या आठवड्यापुरतं बघतो. सोमवारपासून जमत नसंल तर मला सांगून टाका."

दीर त्याच संध्याकाळी घरी आला. काचेची एक पिचकारी असते, आत तरंगणारी कांडी, तिनं एकेका भोकातलं पाणी ओढून त्यानं बघितलं. बघत गेला तसा त्याचा चेहरा बदलत गेला. "हिला उपाशी कुणी ठेवली?"

"उपाशी?" मामा म्हणाले. "चार महिने विसावा दिलाय."

"रिकामी ठेवली व्हती? चार महिने? अवो बाबा, ती मेली. काम झालं की लगोलग चार्जिंगला लावायची असते. रिकामी राहिली की आतल्या पट्ट्यांवर पांढरं खवल्यावाणी धरतंय, मग ते काय केल्या सुटत नाय. अन् रोज? रोज कवा लावत व्हता?"

"अंग निवल्यावर."

"अंग निवल्यावर!" दीर कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. मग हसायलाच लागला, आणि ते हसणं मला आवडलं नाही. "बैल समजून बॅटरी मारली बाबांनी."

मामा उठून गोठ्याकडं गेले. मी बोलले. "भाऊजी, तुमी हे कवा सांगितलं व्हतं?"

"त्यात सांगायचं काय वैनी? पाळी संपली की गाडी लावायचीच. कारखान्यात कुणीबी लावतंय."

"कारखान्यात बैल असतात का?"

त्यानं पिचकारी खाली ठेवली. मग काहीतरी भरपाई करावी म्हणून सांगायला लागला, की आमचे इंजिनिअर सांगत होते, परदेशात नव्या तऱ्हेच्या बॅटऱ्या काढतायत, हलक्या, हातात उचलता येतील अशा. पुढं मागं सगळ्या गाड्या बॅटरीवरच चालतील, एका चार्जिंगमध्ये पुणं गाठतील, फटफट्यासुद्धा येतील तशा.

आत्या म्हणाल्या, "तवर हिची आमटी गार."

माझा तर संताप संताप झाला. पुढं, पुढं, पुढं! जे ते पुढं सुधारणार. वीज पुढं सुधारणार, रस्ता पुढं सुधारणार, बॅटरी पुढं सुधारणार. माझी माणसं सोमवारी जेवणार होती. मी तवा उलटा टाकला आणि गोठ्याकडं जाऊन त्या गाडीला एक लाथ मारली. पायालाच लागलं. लोखंड ते.

जोडीदारीण दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तिला काय मारतीस? डबे चढ चढत नाय ना? मग चूल चढव."

"म्हणजे?"

"माझी पडवी हाय की चढापलीकडं. फाटकापतूर सगळी सपाटी. तिथंच रांध. भांडी एकदाच न्यायची, रोज डबे नाय न्यायचे."

आत्यांचं तोंड जरा वाकडं झालं. "तिथं? तुमच्या वाडीत चूल?"

"का वं आत्ये? इतकी वर्सं भाकरी मीच थापत व्हते ना? माझे हात तेच ऱ्हाणार. जागा बदलंल."

खाणाऱ्यांत दोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या म्हणे. पडू देत. भुकेला आठ्या फार काळ टिकत नाहीत. रविवारी आम्ही चूल, तवे, पातेली सगळं तिच्या पडवीत नेऊन मांडलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली आमची भाकरीची चळत. सोमवारी डबे भोंग्याच्या आत पोचले, आणि नंतर कधी चुकले नाहीत.

आता तुम्ही विचाराल, गाडीचं काय झालं? दिरानं बॅटऱ्या काढून पुन्हा भंगारात दिल्या. उरली नुसती फळी आणि चाकं. मामांनी सहज दांडा धरून ओढून बघितली आणि ती सुळकन आली. एका हातानं! बॅटरी गेली आणि गाडी चालायला लागली. हसावं का रडावं सांगा. पुढं कितीतरी वर्षं मामा ती पडवीपासून फाटकापर्यंत सपाटीवरून ओढत न्यायचे. परत आले की घटकाभर उंबराकडं तोंड करून बसायचे. लोक चेष्टा करायचे, "काय बाबा, गाडीला विसावा देताय व्हय?" मग त्यांनी ते बसणंही सोडलं. 'बैल समजून बॅटरी मारली' हे वाक्य गावात म्हणीसारखं झालं होतं. शेवटपर्यंत त्यांच्यासमोर कुणी ना कुणी म्हणायचंच.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. परवा माझी नात आली, कर्जतहून, तिच्या बॅटरीच्या स्कूटरवर. आवाज नाही, धूर नाही. बॅटरी म्हणे सीटखाली, ती काढून पिशवीसारखी हातात घेऊन घरात येते. दीर म्हणत होता तसंच झालं. अंगणात गाडी लावून ती पाय धुवायला गेली, तशी मी लगबगीनं वायर शोधायला लागले. आयुष्यात एकदा शिकलेलं, ते विसरणार कसं? "लाव गं आधी चार्जिंगला. तशी ठेवू नको. मरंल."

"अगं आजी, थांब!" ती आतून ओरडली. "आत्ताच लावू नको. उन्हातून आलेय, बॅटरी गरम आहे. आधी थंड होऊ द्यायची, मग लावायची. गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलंय तसं."

मी वायर हातात धरून उभीच राहिले. "काय लिहिलंय?"

"आधी थंड होऊ द्यायची. अर्धा तास तरी."

"अन् चार महिने झाकून ठेवायची झाली तर?"

"तर पूर्ण रिकामी नाही ठेवायची. अर्धी भरून ठेवायची. का गं?"

म्हणजे तेवढं एक मामांचं आजही चुकलंच असतं. पण बाकीचं? आधी विसावा, मग वैरण, हे त्यांनी सांगितलं तर गाव हसलं. तेच आता गुळगुळीत कागदावर छापून गाडीसोबत देतात आणि माझी शिकलेली नात ते मला समजावून सांगते. मला तिचा राग नाही आला. त्या नव्या बॅटरीचा आला. यायचंच होतं तर चार दिवस आधी यायला काय झालं होतं? मामा होते तोवर यायचं.

नातीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला पुढं रसायनीला जायचं होतं, तिनं विचारलं, चढावरून गेलं की हिच्या चार्जिंगचा आकडा एकदम उतरतो, घाटात न्यायची हिंमत होत नाही, तुमच्याकडचा तो उंबराचा चढ टाळून दुसरा रस्ता आहे का?

म्हटलं, "नाय. तो कुणालाच टळला नाय. अर्ध्यात बसली तर उंबराखाली थांब जरा."

मग गोठ्यातून एक पोतं आणलं, ओलं करून पिळलं आणि बॅटरी निवत होती तिथं उन्हाच्या बाजूला आड टाकलं.